आधी खाद्य आणि घर, मग पेटी: कोकणातील बागेत परागीभवन करणारे कीटक कसे राखावेत

मोहोर भरघोस येऊनही फळधारणा कमी राहिली की कोकणातले अनेक बागायतदार मधमाश्यांच्या पेट्यांची चौकशी करू लागतात. पेटीला विरोध असण्याचे कारण नाही. परंतु ज्या परिसरात मोहोर संपल्यावर माश्यांना खाद्य उरत नाही, राहायला ढोली नसते आणि ऐन फुलोऱ्यात कीटकनाशकाचा फवारा बसतो, तेथे बाहेरून आणलेली वसाहतही तग धरत नाही. म्हणून पेटी हे शेवटचे काम समजावे आणि आपल्या बागेत आज कोण येते ते पाहण्यापासून सुरुवात करावी.

त्यासाठी मोहोर उमलल्यावर, ऊन अंगावर आले की, एखाद्या खालच्या फांदीजवळ थोडा वेळ स्तब्ध उभे राहावे. आंब्यावर मधमाश्यांपेक्षा साध्या माश्याच अधिक दिसतील: हिरव्या-निळ्या चकाकत्या माश्या, घरमाश्या, आणि पोटावर पिवळे-काळे पट्टे असलेल्या, हवेत एका जागी थांबणाऱ्या फुलमाश्या. आंब्याचे परागीभवन मुख्यतः याच करतात, आणि फुलमाश्यांच्या कित्येक जातींच्या अळ्या मावाही फस्त करतात. फळ नासवणारी फळमाशी वेगळी. तिच्यासाठी मिथाइल युजेनॉलचे रक्षक सापळे लावावेत. त्या गंधाकडे फळमाशीचे नर ओढले जातात आणि मोहोरावरच्या माश्यांना धक्का लागत नाही. बागेच्या कडेला शेणखताचा ढीग असल्यास तो मोहोराच्या दिवसांत हलवू नये, कारण यातल्या कित्येक माश्या कुजणाऱ्या पदार्थांतच वाढतात. ऑस्ट्रेलियातले काही आंबा बागायतदार तर माश्या याव्यात म्हणून बागेत मुद्दाम कुजके मांस-मासळी ठेवतात.

परसातल्या वांग्याचे फूल जवळून पाहण्यासारखे आहे. त्याचे पिवळे परागकोश उभे चिरत नाहीत. त्यांच्या टोकाला बारीक छिद्रे असतात आणि पराग आतच राहतो. काळा भुंगा किंवा निळसर पट्ट्यांची एकटी राहणारी माशी त्या परागकोशांना पायांनी घट्ट धरते, पंख न हलवता उड्डाणाचे स्नायू थरथरवते, आणि तो गुणगुणाट ऐकू येत असतानाच छिद्रांतून पिवळी भुकटी तिच्या पोटावर सांडते. पेटीत पाळतात त्या सातेरी मधमाशीला हे साधत नाही. म्हणजे वांगी आणि टोमॅटोसाठी पेटी आणून भुंग्याची उणीव भरून निघणार नाही. पडवळ, दोडका आणि दुधी यांची फुले संध्याकाळी उमलतात व त्यांच्यावर पतंग येतात, तर काकडी आणि कारल्याची फुले सकाळची असतात.

फवारणीचा विचार या वेळा ध्यानात घेऊनच करावा लागतो. आंब्यावरील तुडतुड्यांसाठी आणि काजूवरील ढेकण्यासाठी फवारणी टाळता येत नाही हे खरे असले, तरी तिचा भर पालवीवर आणि मोहोर फुटू लागताना असावा. फुले उमलल्यापासून कणी धरेपर्यंत कीटकनाशक मारू नये. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम यांसारखी औषधे झाडाच्या रसात मिसळून मधुरसात आणि परागातही उतरतात. युरोपीय संघाने २०१८ साली उघड्या शेतात त्यांचा वापर बंद केला तो मधमाश्यांसाठीच. अगदीच नाइलाज झाला, तर माश्या परतल्यावर, सूर्यास्तानंतर फवारावे. मात्र ‘संध्याकाळी फवारा’ हा सरसकट दिला जाणारा सल्ला पडवळ-दोडक्याच्या मांडवाला लागू पडत नाही, कारण तेथे कामाची वेळच तेव्हा सुरू होते. अशा वेलींवर फळमाशीसाठी क्यूल्यूर या गंधद्रव्याचे सापळे लावणे आणि कीडलेली फळे वेचून नष्ट करणे हाच उपाय आधी करावा.

हापूसची अडचण केवळ कीटकांची नाही. त्याच्या मोहोरात नर फुले पुष्कळ आणि संयुक्त (नर-मादी दोन्ही भाग असलेली) फुले थोडी असतात, शिवाय स्वतःच्या परागावर त्याला फळ नीट धरत नाही. आणि सारी झाडे कलमांची, म्हणजे एकाच झाडाच्या प्रती असल्यामुळे शेजारच्या हापूसचा परागही त्याला परका नसतो. म्हणून बागेत मधूनमधून केशर, पायरी किंवा रत्ना यांची झाडे हवीत. रत्ना ही दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ साली दिलेली जात आहे. रातांब्याची (कोकमाची) नर झाडे फळ देत नाहीत म्हणून सर्रास तोडली जातात, तीही परागासाठी काही प्रमाणात राखावीत. जायफळात साधारणपणे दहा मादी झाडांमागे एक नर झाड ठेवावे.

आता खाद्याकडे वळू. आंबा-काजूचा फुलोरा काही महिन्यांचा, आणि माशीला मात्र बारा महिने जगायचे असते. मोहोराच्या सुमारास सावर, पांगारा आणि उक्षी फुललेल्या असतात. पुढे जांभूळ, अंजनी आणि करंज येतात. पावसाळा सरता सरता किंजळ फुलतो. नारळ वर्षभर पोय (फुलोरा) काढत असल्याने त्याचा आधार फार मोठा आहे. कुंपणाला आणि बांधावर ही झाडे राखली, घराभोवती तुळस, शेवगा, झेंडू लावला, की मधली पोकळी बरीच भरते. कठीण काळ भर पावसाचा असतो, आणि त्या दिवसांत तेरडा व सड्यावरची (जांभ्या कातळाच्या उघड्या माळावरची) रानफुले उपयोगी पडतात. ‘सडा म्हणजे पडीक जमीन’ असे समजून दर उन्हाळ्यात त्याला आग लावण्याची सवय मला सर्वांत घातक वाटते, कारण त्यात गवताबरोबर झुडपे आणि कीटकांची घरटी दोन्ही जळतात.

घरट्यांसाठी फार काही करावे लागत नाही. बहुधा काही न करणेच पुरते. जमिनीत बीळ करणाऱ्या माश्यांसाठी बांधाचा उन्हातला पट्टा न खणता तसाच ठेवावा. भुंगे सुक्या लाकडात आणि बांबूत राहतात, म्हणून मेलेली प्रत्येक फांदी चुलीत घालू नये. जांभ्या दगडाच्या गडग्याच्या फटीत पोया या इवल्या मधमाशीची वसाहत असेल, तर मेण आणि राळेची बोटाएवढी नळी बाहेर आलेली दिसते आणि तिच्या तोंडाशी बारीक काळ्या माश्यांचा पहारा असतो. ही माशी डंख करत नाही. अशा गडग्याला सिमेंटचा गिलावा करू नये. उंच झाडावरचे आग्या माश्यांचे पोळेही, रहदारीच्या वाटेवर नसेल, तर जाळू नये.

एवढे झाल्यावर सातेरीची पेटी आणावी. मध संचालनालयाचे केंद्र महाबळेश्वरला आहे. प्रशिक्षण घेऊनच हे काम सुरू केलेले बरे. थोडी फुले उमलली की पेटी बागेत ठेवावी. सावली, सकाळचे ऊन आणि जवळ पाणी असावे, मात्र पाण्यात बसायला खडे किंवा काटक्या टाकाव्यात. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवल्यास मुंग्या चढत नाहीत. तळपाट नियमित झाडावा, कारण पडलेल्या मेणाच्या कचऱ्यात मेणकिडा वाढतो. शेजारी फवारणार असेल, तर आदल्या रात्री, सगळ्या माश्या परतल्यावर, दाराला जाळी लावून पेटी दूर हलवावी; सातेरी साधारणपणे किलोमीटरभरात फिरते, तेव्हा त्याहून बरेच लांब न्यावी. मध काढताना फक्त वरच्या मधकोठीतल्या, मेणाने बंद झालेल्या चौकटी घ्याव्यात आणि खालच्या, अंडी-अळ्यांच्या पिलावकोठीला हात लावू नये. पावसाच्या तोंडावर थोडा मध पेटीतच राहू द्यावा. जुलै-ऑगस्टमध्ये चौकटी हलक्या लागल्या, तर साखर आणि पाणी समभाग घेऊन केलेला पाक संध्याकाळी पेटीच्या आत ठेवावा आणि बाहेर थेंबही सांडू देऊ नये, कारण त्या वासाने मुंग्या आणि दुसऱ्या वसाहतीच्या माश्या लुटायला येतात.