शस्त्रक्रियेनंतरच्या आठवड्यासाठी सात भागांचे पत्र

शस्त्रक्रिया झालेल्या मैत्रिणीसाठी कागदी भेट करायला बसताना ती कशी दिसेल याआधी ती कशी हाताळली जाईल याचा विचार करावा. टाके ओढतील म्हणून वाकता येत नाही, एका हाताला सुई लावलेली असते आणि औषधांच्या गुंगीत चार ओळींपलीकडे वाचवत नाही. म्हणून भेट हलकी, एका हाताने उघडणारी आणि उशाशी स्वतःहून उभी राहणारी असावी.

त्यासाठी २०० जीएसएमचा, म्हणजे दर चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचा, एक ए-फोर कार्डपेपर पुरतो. तो लांबीत मधोमध कापला की २९७ × १०५ मिलिमीटरच्या दोन पट्ट्या मिळतात. प्रत्येक पट्टीचे चार समान भाग आखून रेषांवर मोजपट्टी धरावी व शाई संपलेले बॉलपेन दाबून फिरवावे. जाड कागद असा खाच न पाडता दुमडला, तर घडीवर त्याचे तंतू फुटून पांढरी, खरबरीत रेघ उमटते. मग एक घडी आत, एक बाहेर अशा आलटून पालटून घड्या घालाव्यात. दुसरी पट्टी उलटी, म्हणजे मागची बाजू वर करून तिचा पहिला भाग पहिल्या पट्टीच्या शेवटच्या भागावर पूर्ण चिकटवला, की आठाऐवजी सात भाग उरतात, म्हणजे नेमका एक आठवडा. पट्टी उलटी करायला विसरल्यास जोडाजवळच्या लागोपाठच्या दोन घड्या एकाच दिशेला वळतात आणि पत्र नागमोडी उभे राहत नाही. ही चूक मी केली आहे आणि ती डिंक वाळल्यावरच लक्षात येते.

खिशांसाठी पातळ रंगीत कागदाचे ८ × ७ सेंटिमीटरचे सात तुकडे घ्यावेत. आठ सेंटिमीटरची बाजू आडवी ठेवून डावी, उजवी आणि खालची कड एकेक सेंटिमीटर मागे दुमडावी, खालचे दोन्ही कोपरे तिरके कापावेत आणि फक्त दुमडलेल्या कडांना डिंक लावून प्रत्येक भागाच्या तळापासून एक सेंटिमीटर वर एकेक खिसा चिकटवावा. आत ५ × ९ सेंटिमीटरची चिठ्ठी ठेवली की ती तीन सेंटिमीटर बाहेर राहते आणि दोन बोटांनी सहज ओढता येते. सगळे मिळून वजन २५ ग्रॅमच्या आत राहते.

डिंक पाण्यात विरघळणारा पांढराच वापरावा, कारण उग्र वासाच्या डिंकाने आधीच मळमळणाऱ्या माणसाला त्रास होतो. तयार पत्र रात्रभर जड पुस्तकाखाली वाळू द्यावे. चमकी पूर्णपणे टाळावी. ती अंथरुणात सांडते आणि जखमेच्या पट्टीजवळ तिचे काहीही काम नसते. कागदी सारसांची माळ सुंदर दिसते, पण तिच्यावर धूळ साचते, शिवाय तिच्याशी आजारपणात कागदी सारस घडवणाऱ्या हिरोशिमाच्या सदाको सासाकीचे नाव जोडलेले आहे आणि ती मुलगी १९५५ मध्ये ल्युकेमियाने गेली, हे रुग्णाला ठाऊक असू शकते.

खरा वेळ मात्र चिठ्ठ्यांना द्यावा. जाड काळ्या पेनाने, मोठ्या अक्षरात, प्रत्येकीवर दोन-तीन ओळी पुरेत: जुनी आठवण, ओळखीच्या कोणाची तरी बातमी, आपल्या हातून घडलेला एखादा घोळ. उत्तर द्यावे लागेल असा प्रश्न लिहू नये आणि ‘आज तू चालू लागली असशील’ असेही लिहू नये, कारण बरे होण्याचा वेग ज्याचा त्याचा असतो. शस्त्रक्रिया पोटाची असेल तर खदखदून हसवणारी चिठ्ठी सातव्या दिवसासाठीही ठेवू नये. हसताना टाके दुखतात.

पत्र मिटून रिबिनीने बांधू नये, कारण गाठ सोडायला दोन्ही हात लागतात. त्याऐवजी चार सेंटिमीटर रुंदीचा कागदी पट्टा सैल गुंडाळून त्याची टोके एकमेकांना चिकटवावीत, म्हणजे अंगठ्याने सरकवला तरी तो निघून येतो.