मल्टिपार्ट ईमेल सोडवायचा कसा: आधी बाइट, मग अक्षरं

मल्टिपार्ट ईमेल म्हणजे ज्याच्या पोटात मजकूर, एचटीएमएल, अटॅचमेंट असे अनेक पार्ट असतात तो मेल. तो हेडरसकट (पाठवणारा, विषय वगैरे सांगणाऱ्या वरच्या ओळींसकट) अख्खा हवा, ईएमएल फाइल म्हणून सेव्ह केलेला. नुसत्या अटॅचमेंट बाहेर काढायच्या असतील तर कोड लिहूच नका, कमांड लाइनवर मनपॅक किंवा रिपमाइम चालवा, झालं काम. मजकूरही हवा असेल तर पायथनमधलं ईमेल पॅकेज घ्या, वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही.

फाइल बायनरी मोडमध्ये उघडा आणि पार्सरला (मेल उलगडून वाचणाऱ्या भागाला) पॉलिसी, म्हणजे वाचण्याचे नियम, सांगा, 'डिफॉल्ट' नावाची. नाव डिफॉल्ट असलं तरी ती आपोआप लागत नाही, न सांगता लागते ती जुनी 'कॉम्पॅट३२', आणि मग पुढची गेट बॉडीसारखी सोयीची फंक्शन मिळतच नाहीत.

'बाउंड्रीवर (दोन पार्टमधल्या खुणेच्या ओळीवर) स्प्लिट मारा, तुकडे मिळतात' हा सल्ला कृपया ऐकू नका. मिक्स्डच्या (मजकूर आणि अटॅचमेंट एकत्र) पोटात अल्टरनेटिव्ह (एकाच मजकुराची वेगवेगळी रूपं), त्याच्या पोटात रिलेटेड (एचटीएमएल आणि त्यातली चित्रं), प्रत्येकाची बाउंड्री वेगळी, आणि कुणी मेल अटॅच करून फॉरवर्ड केला असेल तर आत आणखी एक पूर्ण मेल बसलेला असतो. पार्सरला हे सगळं कळतं. त्याच्याकडून आधी पार्ट्सचं झाड छापून घ्या, ते बघा, मगच पुढे जा.

आता खरी अडचण, जिथे मी स्वतः कित्येक दिवस अडकलो होतो. मजकुराच्या प्रत्येक पार्टवर दोन वेष्टनं असतात. बाहेरचं ट्रान्स्फर एन्कोडिंग, म्हणजे बाइट मेलमधून सुखरूप नेण्याची लिपी, मराठीत बहुतेकदा बेस६४ किंवा कोटेड-प्रिंटेबल, ते काढलं की हातात बाइट येतात, अक्षरं नाही. आतलं कॅरेक्टर सेट, म्हणजे कुठल्या बाइटचं कुठलं अक्षर ते सांगणारा तक्ता, ते काढल्यावर अक्षरं. हा क्रम मोडायचा नाही आणि दोन्ही कामं ओळीओळीने तर अजिबात करायची नाहीत.

का ते बघा. यूटीएफ-८ या कॅरेक्टर सेटमध्ये 'म' तीन बाइटचा. कोटेड-प्रिंटेबलमध्ये अशा एका बाइटला तीन खुणा लागतात ('=E0' सारख्या), म्हणजे एका 'म'ला नऊ. ओळीची मर्यादा ७६, त्यातली शेवटची खूण 'ओळ पुढे चालू' सांगणारं बरोबरचं चिन्ह, उरल्या ७५, त्यात बसले पंचवीस बाइट: आठ अक्षरं आणि नवव्याचा फक्त एक बाइट! त्याचे उरलेले दोन बाइट पुढच्या ओळीवर. मी ओळ वाचायचो, डिकोड करायचो, अक्षरं करायचो आणि ओळ तुटली की तिथे काळा चौकोन यायचा. त्यावर मला सल्ला मिळाला की एरर 'इग्नोर' करा, म्हणजे न कळलेले बाइट गाळून टाका. केलं, चौकोन गेले, पण अक्षरंही गेली, आणि मूळ मेल डिलीट करून बसलो होतो म्हणून ती परत मिळाली नाहीत. तेव्हा 'इग्नोर' कधीच लावू नका आणि मूळ फाइल कधीच फेकू नका.

बरोबर पद्धत सोपी आहे. पार्टवर गेट पेलोड फंक्शन चालवा, त्याला डिकोड ट्रू द्या, पूर्ण पार्टचे बाइट एकदम मिळतात, मग त्या पार्टच्या हेडरमधला कॅरेक्टर सेट लावा. 'म'च्या जागी 'à¤®' दिसलं तर बाइट शाबूत आहेत, फक्त यूटीएफ-८ चा मजकूर विंडोज-१२५२ समजून वाचला गेलाय, हेडर खोटं बोलतंय. असा मेल बाजूला काढून हाताने तपासा. मल्टिपार्ट डब्यावरच गेट पेलोड तसं चालवलं तर नन (पायथनचं 'काहीच नाही') येतं, घाबरू नका, आतल्या पार्टवर चालवा.

मुख्य मजकुरासाठी गेट बॉडी वापरा. 'पहिला टेक्स्ट पार्ट घ्या' असं करू नका, अल्टरनेटिव्हमध्ये पाठवणाऱ्याच्या मते सगळ्यात चांगलं रूप शेवटी असतं.

अटॅचमेंट सेव्ह करताना मेलमधलं फाइलचं नाव जसंच्या तसं डिस्कवर लिहू नका. त्यात दोन टिंबं आणि तिरपी रेघ घालून कुणीही तुमच्या दुसऱ्या फोल्डरमधली फाइल पुसू शकतं, म्हणून नाव स्वतः द्या आणि मूळ नाव वेगळं नोंदवून ठेवा. विनमेल डॉट डॅट, म्हणजे अटॅचमेंट आत गुंडाळलेली आउटलुकची फाइल, आली तर ती टीनेफ नावाच्या टूलने उघडते.