स्व-ज्वलन तापमान काढताना या चुका टाळा

घन रसायनाचं स्व-ज्वलन तापमान, म्हणजे ज्या तापमानाला ते ठिणगीशिवाय आपोआप पेटतं ते, वितळणांकासारखा ठरलेला आकडा आहे, अशी समजूत घेऊनच पोरं लॅबमध्ये येतात. तसं नाहीये. डबा केवढा, तापवलं किती सावकाश, पावडर किती ताजी, या सगळ्यावर तो आकडा हलतो. म्हणून पद्धत लिहिलीय तशीच करायची, स्वतःची अक्कल त्यात मिसळायची नाही. मी बोलतोय ते युरोपातल्या ए.१६ पद्धतीबद्दल: २० मिमीचा बारीक जाळीचा घनाकृती डबा, त्यात पावडर, मधोमध एक थर्मोकपल (तापमान मोजणारी तार), दुसरं ओव्हनच्या हवेत. ओव्हन मिनिटाला ०.५ अंशाने ४०० पर्यंत न्यायचा. सॅम्पल आपल्याच उष्णतेने ४०० ला पोचतं त्या क्षणी ओव्हनचं तापमान काय होतं, ते आपलं उत्तर.

रॅम्प, म्हणजे तापवण्याचा वेग, वाढवणं. या चुकीवर माझा विशेष राग आहे. मिनिटाला अर्धा अंश म्हणजे २५ पासून ४०० पर्यंत साडेबारा तास. एवढा वेळ कोण बसणार? एमआयडीसीतल्या एका लॅबमध्ये आमच्याकडे एका रंग-मध्यस्थाचं (रंग बनवताना मधल्या टप्प्यावर तयार होणाऱ्या रसायनाचं) सॅम्पल होतं. ट्रेनीला संध्याकाळची कंपनीची बस चुकवायची नव्हती, त्याने ०.५ च्या जागी ५ टाकलं आणि जेवणाच्या सुट्टीच्या आत टेस्ट उरकली. ग्राफ दिसायला झकास. पण त्यात सॅम्पलची रेघ ओव्हनच्या रेघेच्या खूप खालून, मागे मागे चालली होती, आणि उसळली तोवर ओव्हन बराच पुढे निघून गेला होता. पावडर उष्णतेची वाईट वाहक. बाहेरची ऊब आतपर्यंत पोचायलाच वेळ लागतो. आकडा आला तो खऱ्यापेक्षा तीस-चाळीस अंशांनी जास्त, म्हणजे नेमका धोक्याच्या बाजूला चुकलेला. कस्टमर त्यावरून ट्रे ड्रायरचं तापमान ठरवणार होता. आमच्या सिनियरने सही करण्याआधी ग्राफची खालची, वेळेची पट्टी पाहिली आणि एवढंच विचारलं, "साडेबारा तासांची टेस्ट दुपारपर्यंत कशी संपली रे?" पोराकडे उत्तर नव्हतं. टेस्ट परत लागली.

तेव्हापासून माझ्याकडे कुठलाही रिपोर्ट आला की मी आधी वेळेची पट्टी बघतो, आकडा नंतर. आणि टेस्ट पहिल्या शिफ्टला सातच्या ठोक्याला लावतो. रात्री लावून "लॉगर (तापमान नोंदवणारं यंत्र) आहे ना" म्हणत घरी जाणाऱ्यांचं मला कौतुक नाही.

पावडर दाबून भरणं. डबा भरायचा, टेबलावर हलकेच आपटायचा, खाली बसलेली जागा पुन्हा भरायची, बस. अंगठ्याने दाबली की कणांमधली हवा जाते आणि ऑक्सिजन आत शिरायला वाट राहत नाही. थर्मोकपलचं टोकही मध्यावरच हवं. कोपऱ्याकडे सरकलं तर तिथली उष्णता जाळीतून निसटते आणि भडका उशिरा दिसतो. मी टोकापासून १० मिमीवर खूण करूनच ते आत घालतो. नजरेचा अंदाज सांगणाऱ्याला मी पट्टी हातात देतो.

ग्राफवर सॅम्पलची आणि ओव्हनची रेघ जिथे छेदतात तो आकडा लिहिणं. तिथून सॅम्पल ओव्हनपेक्षा गरम व्हायला लागतं एवढंच. उत्तर ४०० वर वाचायचं.

आधी १०५ ला वाळवणं. हवेत वाळवताना पृष्ठभाग थोडा ऑक्सिडाइझ होऊन बसतो, मग आकडा खरा येत नाही. जुन्या रिटेन (राखून ठेवलेल्या) सॅम्पलचंही तेच. ताजी बॅच मागवा.

डीएससीवर, म्हणजे चिमूटभर सॅम्पल तापवून उष्णता मोजणाऱ्या यंत्रावर, भागवणं. त्याच्या बंद क्रुसिबलमध्ये (छोट्या भांड्यात) हवा जवळजवळ नसतेच, मग हवेशी होणारी अभिक्रिया दिसणार कुठून?

वितळणारा पदार्थ रेटून नेणं. गंधक ११५ च्या आसपासच वितळतं. नंतर जाळीतून जे गळतं त्याचा आकडा कुणालाच उपयोगी नाही.

ए.१६ चा आकडा वाहतुकीच्या वर्गीकरणाला चिकटवणं. त्यासाठी संयुक्त राष्ट्रांची एन.४ टेस्ट वेगळी आहे: १०० मिमीचा घन, १४० अंश, २४ तास, आणि सॅम्पल ओव्हनपेक्षा ६० अंशांनी वर जातंय का, हे पाहायचं. ढीग मोठा तितकी आतली उष्णता बाहेर पडणं कठीण, म्हणून छोट्या डब्यात शांत बसलेली पावडर गोदामात कमी तापमानालाही पेटू शकते. इथेही आठव्या तासाला "काही होत नाही" म्हणून बंद करणारे महाभाग आहेत. चोवीस म्हणजे चोवीस.

स्फोटकतेची तपासणी न करता सॅम्पल लावणं. नायट्रो किंवा पेरॉक्साइड गट दिसला की आधी मिलिग्रॅममध्ये चाचणी. एन.४ चा घन म्हणजे अख्खा एक लिटर माल असतो, हे विसरू नका.

मध्येच दार उघडून बघणं. धुमसणाऱ्या पावडरीला ताजी हवा मिळाली की ज्वाळा. आणि वास वेगळाच. सोडियम डायथायोनाइट, म्हणजे कोल्हापूरकडे गुळाच्या गुऱ्हाळात 'हायड्रॉस' म्हणतात ते, तापलं की सल्फर डायऑक्साइड सोडतं. एक्झॉस्ट आधी चालू करायचा, आणि ओव्हन पूर्ण थंड झाल्याचं लॉगरवर दिसल्याशिवाय दाराला हात लावायचा नाही.