डिरेक्टरीत पैसे भरून गूगलवर वर येणार? या चुका टाळा

मार्च आला की ओळखीच्या दुकानदारांचे फोन सुरू होतात. "दादा, डिरेक्टरीचा माणूस रिन्यूअलला आलाय. पॅकेज बंद केलं तर गूगलवर खाली जाल म्हणतो. भरू का?"

डिरेक्टरी म्हणजे धंद्यांची नावं, पत्ते, नंबर देणारी वेबसाइट. पहिली गडबड इथेच. ते पैसे डिरेक्टरीतल्या जागेचे, गूगलच्या क्रमवारीचे नव्हेत. एके काळी याला थोडा अर्थ होता. याहू डिरेक्टरी वर्षाला 299 डॉलर घ्यायची आणि लोक लिंकसाठी, म्हणजे आपल्या वेबसाइटकडे नेणाऱ्या दुव्यासाठी, ते भरायचे, कारण अशा लिंक गूगल शिफारशीसारख्या धरतं. डिरेक्टरीत नोंदणी करा हा सल्ला गूगलने 2008 मध्ये आपल्या सूचनांतून काढून टाकला, 2012 मध्ये बनावट लिंकना आळा घालणारं गूगलचं पेंग्विन अपडेट आलं, 2014 च्या अखेरीस याहू डिरेक्टरीही बंद झाली. विकणाऱ्यांची टेप मात्र अजून तीच.

"500 डिरेक्टरी सबमिशन" म्हणजे पाचशे डिरेक्टऱ्यांत लिंक टाकून देणारं पॅकेज तर घेऊच नका. विकत घेतलेल्या लिंकवर 'नोफॉलो' किंवा 'स्पॉन्सर्ड' अशी खूण (ही लिंक शिफारस म्हणून धरू नका, असं गूगलला सांगणारी) हवी, नाहीतर गूगलच्या नियमात ती स्पॅम ठरते. आधीच घेतलं असेल तर घाबरून डिसअव्हाऊ करत, म्हणजे 'या लिंक धरू नका' असं गूगलला कळवत, बसू नका. सर्च कन्सोल, म्हणजे आपली वेबसाइट शोधात कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं साधन, त्यात 'मॅन्युअल अ‍ॅक्शन्स' (गूगलने केलेली कारवाई) उघडा. तिथे काही नसेल तर बहुतेक वेळा अशा लिंक नुसत्या दुर्लक्षिल्या जातात.

खरं नुकसान होतं ते जुन्या माहितीने. आमच्या ओळखीच्या एका सोफा रिपेअरवाल्यांनी गाळा बदलला, नंबर बदलला. तीन डिरेक्टऱ्यांत मात्र जुनंच सगळं. एकीत तर डिरेक्टरीचाच नंबर, तिथून कॉल फिरून यायचा. गिऱ्हाईक जुन्या गाळ्यावर जाऊन परतायचं. एका दुपारी बसून नाव, पत्ता, नंबर सगळीकडे अक्षरशः सारखं करून घेतलं, आधी गूगल बिझनेस प्रोफाइलवर. गूगलच्या शोधात आणि मॅपवर दुकानाची माहिती दाखवणारं हे प्रोफाइल फुकट असतं. स्थानिक निकालांत गूगल तुमचा धंदा शोधाशी किती जुळतो, किती जवळ आहे आणि किती नावाजलेला आहे, हे बघतं. वरची जागा पैसे देऊन मिळत नाही, असं गूगल स्वतःच सांगतं. आणि हो, दुकानाच्या नावात "बेस्ट स्वस्त सोफा रिपेअर" घुसडू नका, प्रोफाइल सस्पेंड होऊ शकतं.

"माझ्या मोबाइलवर तर मीच पहिला दिसतो!" दुकानात बसून शोधलं तर दिसणारच. डिरेक्टरीचे पैसे भरण्याआधीच्या आणि नंतरच्या तीन-तीन महिन्यांचे आकडे सर्च कन्सोलमध्ये शेजारी ठेवून बघा.

मग डिरेक्टरी बिनकामाचीच का? तसंही नाही. कधी कधी तिचं स्वतःचं पानच गूगलवर वर असतं आणि तिथून गिऱ्हाईक येतं. ते मोजायला सोपा उपाय: फोन आला की "नंबर कुठून मिळाला?" विचारायचं आणि वहीत टिपायचं. सोफावाल्यांनी दोन महिने टिपलं. फोन एकाच डिरेक्टरीतून येत होते. ती ठेवली, दोन सोडल्या. गूगलवरची जागा होती तिथेच राहिली.