इन्सुलिन चालू असताना मोठ्या आतड्याची दुर्बीण: तयारी कशी करावी

माझ्या आईला दोनदा तयारी करावी लागली. पहिल्यांदा जानेवारीत अमळनेरहून धुळ्याला गेलो, दुर्बीण आत गेली आणि पाच मिनिटांत बाहेर आली. "आतडं साफ नाही, पुन्हा या." दोष कुणाचाच नव्हता. तीन दिवस आधी शेतात भरीत पार्टी झाली होती आणि वांग्याच्या बिया आतड्यात तशाच होत्या. त्यात मधुमेहाच्या माणसाचं आतडं अनेकदा सुस्त चालतं, त्यामुळे साफ व्हायला जास्त वेळ लागू शकतो. दुसऱ्या वेळी सगळं जमलं. जे शिकलो ते असं.

आठवडाभर आधी: एकच कागद, दोन डॉक्टर

दुर्बिणीच्या डॉक्टरांकडून आतडं साफ करणाऱ्या जुलाबाच्या पावडरीच्या वेळा लिहिलेला कागद मिळतो. इन्सुलिनबद्दल त्यावर बहुतेक वेळा काहीच नसतं, फार तर "शुगरच्या डॉक्टरांना विचारा" एवढं. म्हणून तो कागद घेऊन शुगरच्या डॉक्टरांकडे जा आणि त्याच्याच मागे प्रत्येक इंजेक्शनच्या वेळेसमोर युनिट लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं रात्री दोन वाजता आठवत नाही.

ढोबळ पद्धत अशी असते. दिवसातून एकदा घ्यायचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन (ग्लार्जिन, डेग्लुडेक) सहसा बंद करत नाहीत, थोडं कमी करतात, बऱ्याचदा पाचवा ते चौथा हिस्सा. सकाळ-संध्याकाळचं ३०/७० मिक्स (झटपट आणि सावकाश चालणारं इन्सुलिन एकत्र), जे आपल्याकडे अनेकांना असतं, ते आदल्या दिवशी, म्हणजे नुसते पातळ पदार्थ घ्यायच्या दिवशी, साधारण निम्म्यावर आणतात आणि तपासणीच्या सकाळी पोटात अन्न जाईपर्यंत थांबवतात. जेवणाआधीचं झटपट इन्सुलिन जेवणाशी बांधलेलं, जेवण नाही तर ते नाही. हे आकडे फक्त अंदाज यावा म्हणून दिलेत, तुमचे युनिट तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचे. टाइप १ मधुमेह (शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही तो) असेल तर "उपास आहे, इंजेक्शन कशाला" हा विचारही नको. लांब पल्ल्याचं इन्सुलिन पूर्ण थांबलं की काही तासांत रक्तात किटोन (इन्सुलिनअभावी चरबी जळून तयार होणारी आम्लं) साचू लागतात.

गोळ्यांची यादीही दाखवा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळ्या साधारण तीन दिवस आधी थांबवतात, कारण त्या चालू असताना उपाशी राहिलं तर शुगर नॉर्मल दिसत असतानाही किटोन वाढू शकतात. रक्त पातळ करणारी गोळी, लोहाची गोळी, आठवड्यातून एकदाचं वजनाचं किंवा शुगरचं इंजेक्शन, किडनीचा त्रास, हे सगळं आपण होऊन सांगा. कुणी विचारेल याची वाट पाहू नका.

तीन दिवस आधी: एरवीचं पथ्य उलटं

वर्षभर आपण आईला सांगतो, भात कमी, भाकरी खा, पालेभाजी खा. आता कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी, मेथी, वांगं, ठेचा, शेंगदाणे, तीळ सगळं बंद. मऊ भात, मुगाचं वरण, दही, सालं काढलेला उकडलेला बटाटा एवढंच. भाताने शुगर थोडी चढते. घाबरून स्वतःच्या मनाने युनिट वाढवू नका, आकडा वहीत लिहा आणि फोन करा.

आदला दिवस: साखर हेच औषध

या दिवशी फक्त पातळ आणि आरपार दिसणारं: नारळपाणी, गाळलेलं लिंबू सरबत, डाळीचं नितळ पाणी, बिनदुधाचा चहा. कोकम सरबत नको, त्याचा लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. सगळं बिनसाखरेचं देत बसलात तर शुगर पडू शकते, म्हणून नेहमीच्या जेवणाच्या वेळी साखर घातलेलं सरबत द्या. तयारीत मोठा धोका चढत्या शुगरपेक्षा पडत्या शुगरचा असतो, आणि घरातल्यांना नेमकं हेच पटत नाही.

मीटरने दर तीन-चार तासांनी तपासा, झोपताना एकदा आणि पहाटे एकदा. पहाटे तीनला आईचा हात घामाने गार लागला. मीटरवर ६२. भांडंभर पाण्यात तीन चमचे साखर ढवळून दिली तर म्हणते, "माले साखर चालस का?" चालते, या वेळी साखरच चालते. पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचलं, ९४. आकडा ७० च्या खाली गेला की हेच करायचं, आणि पंधरा मिनिटांनी वर आला नाही तर पुन्हा तेच. दूध, केळं, पेढा नको. आतडं पुन्हा भरतं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना. उलट्या होताहेत आणि शुगर २५० च्या वर राहते आहे, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना फोन.

पावडर बहुतेक ठिकाणी दोन भागांत देतात, अर्धी संध्याकाळी, अर्धी पहाटे. थंड पाण्यात ती जरा सहज जाते. संडासला दहा-बारा वेळा जावं लागतं, तेव्हा नळाचा दिवस नसेल तर ड्रम आधीच भरून ठेवा. शेवटी पिवळसर, पाण्यासारखं नितळ झालं की आतडं साफ.

तपासणीची सकाळ

पहिला नंबर मागून घ्या. अकराचा नंबर दीडवर गेला की उपाशी माणसाची शुगर कुठे जाईल सांगता येत नाही. पहाटेची पावडर पोटात असताना एस.टी.त बसवू नका. आम्ही दुसऱ्या वेळी आदल्या दिवशीच धुळ्याला मावशीकडे मुक्काम केला. मीटर, पट्ट्या, ग्लुकोज पावडर आणि इन्सुलिन हातातल्या पिशवीत. उन्हाळ्यातली तारीख असेल तर इन्सुलिन ओल्या कापडात गुंडाळलेल्या डब्यात ठेवा, पण बर्फाला टेकू देऊ नका. गोठलेलं इन्सुलिन फेकावं लागतं. पोचल्यावर आधी सिस्टरला सांगा की इन्सुलिन चालू आहे, आणि शेवटचा डोस कधी, किती घेतला.

नंतर

गुंगीच्या औषधामुळे त्या दिवशी गाडी चालवायची नाही, सोबत कुणीतरी हवंच. आधी शुगर तपासा, मग जेवण, आणि इंजेक्शन कागदावर लिहिलं असेल तसं. पोटात वारा धरतो, तो सुटतो. पण पोट जोरात दुखलं, ताप आला किंवा बरंच रक्त गेलं तर लगेच परत जा. त्या रात्रीही झोपताना एकदा मीटर लावा. आईला कळण्याची भाकरी हवी होती. मी वरणभात वाढला, भाकरी दुसऱ्या दिवशी.