कॉम्प्रेसर बदलण्याआधी कंडेन्सरवर पाणी फवारून पाहा

कॉन्टेसासारख्या जुन्या गाडीच्या एसीत आर-१२ या जुन्या शीतकरण गॅसऐवजी आर-१३४ए हा नंतरचा गॅस भरला की महामार्गावर गारवा टिकतो. परंतु नाशिकच्या एप्रिलमध्ये द्वारका चौकातील कोंडीत गाडी काही मिनिटे उभी राहिली की एसीच्या जाळीतून कोमट हवा येऊ लागते आणि गॅरेजमधून नवा कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) बसवण्याचा महागडा सल्ला मिळतो. तो मानण्यापूर्वी पुढील चाचणी करावी.

१. गाडी उभी ठेवून इंजिन चालू करावे, एसी पूर्ण लावावा आणि डॅशबोर्डच्या मधल्या जाळीत साधा थर्मामीटर खोचावा.

२. आकडा स्थिरावला की समोरच्या ग्रिलमधून कंडेन्सरवर (ग्रिलमागील, गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या रेडिएटरसारख्या भागावर) दोन-तीन मिनिटे पाणी फवारावे.

३. आकडा स्पष्टपणे उतरला, तर कंडेन्सर पुरेशी उष्णता बाहेर टाकत नाही, असे समजावे. अशा वेळी आधी त्याच्या पत्र्यांतील धूळ काढावी व पंखा तपासावा. तेवढ्याने भागले नाही, तर जुना कंडेन्सर काढून पॅरलल फ्लो (अनेक समांतर नळ्यांतून एकाच वेळी गॅस वाहणाऱ्या) प्रकारचा बसवावा आणि जोडीला इलेक्ट्रिक पंखा द्यावा. माझ्या मते खर्च करायचाच असेल, तर तो येथेच सत्कारणी लागतो.

फरक पडला नाही, तरच गॅसचे प्रमाण, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (गॅसचा दाब उतरवणारी झडप) आणि कॉम्प्रेसरकडे वळावे. कंडेन्सर बदलताना ड्रायर (ओलावा शोषणारा भाग) व ओ-रिंगही (सांध्यांतील रबरी कड्या) नव्या घालाव्यात.

सावधगिरी एवढीच, की आर-१३४ए अंदाजाने न भरता वजन करून, आर-१२च्या मूळ वजनाच्या सुमारे ८० ते ८५ टक्केच भरून घ्यावा. जास्त भरल्यास दाब वाढून गारवा उलट घटतो.