मावळ्याच्या कमरेला काय बांधायचं? शेला आणि तलवारीचा पट्टा

पाडवा जवळ आला की शोभायात्रेच्या तयारीत हा प्रश्न ठरलेला, ड्रेस मिळाला पण कमरेला काय? आणि मग कोणीतरी जीन्सचाच बेल्ट लावून येतं. प्लीज नका लावू हो, अंगरखा कितीही भारी असू दे, ते चकचकीत बकल आधी डोळ्यात खुपतं. शिवकाळातली चित्रं बघा, जाम्यावर (म्हणजे घेरदार लांब अंगरख्यावर) कमरेला लांब कापड गुंडाळलेलं, नक्षीची टोकं पुढे सोडलेली आणि कट्यार त्यातच खोचलेली.

म्हणून आधी शेला. सॅटिनचा रेडिमेड घेऊ नका, गेल्या वर्षी भाच्याला तो बांधला तर ठाण्यात गोखले रोडला येईपर्यंत तीनदा सुटला आणि लाकडी कट्यार पोराच्या पायावर पडली, बिचारा रडकुंडीला आला. जरा जाडसर कॉटन घ्या, मोठ्या माणसाला चार मीटर, पोरांना अडीच पुरतं. 44 इंच पन्हा असेल तर मधोमध उभा फाडायचा, दोन शेले निघतात. आधी रात्रभर भिजवून खळ काढा, नाहीतर तेही घसरतं. टोकांना जुन्या साडीचा जरीचा काठ लावला की इतकं सुंदर दिसतं ना!

आता बांधणं. लांबीत तीन घड्या घालून सातेक इंचाची पट्टी करा, एक टोक डाव्या बाजूला गुडघ्यापर्यंत सोडून ते हाताने धरून ठेवा, मग दुसऱ्या टोकाने कमरेला दोन वेढे, प्रत्येक वेढा ओढून घट्ट, आणि डावीकडेच गाठ. कट्यार अंगाला लागून नाही खोचायची, दोन वेढ्यांच्या मध्ये खोचायची, मग ती हलतच नाही. बांधून झालं की एकदा मांडी घालून बसून बघा, पोटाला काचत असेल तर आत्ताच सैल करा.

तलवार असेल तरच चामड्याचा पट्टा. रेक्झिनचे पापुद्रे निघतात, त्यात पैसे घालू नका. ठाण्याहून लोकलने सायनला उतरून धारावीत जा, कोल्हापुरी चपलेसारखं झाडाच्या सालीने कमावलेलं चामडं मागा, 3 मिलिमीटर जाड, दीड इंच रुंद. कमरेचं माप अंगरखा आणि शेला घातल्यावरच घ्यायचं, हे विसरलात की पट्टा हमखास आखूड होतो कारण कपड्यांनीच तीन-चार इंच वाढतात. त्या मापात नऊ इंच मिळवून कापा. बकल साधं पितळी, भोकं पाच, एकेक इंचावर, आणि तुमचं माप मधल्या भोकावर यायला हवं. कडा पॉलिश पेपरने घासून, किंचित ओल्या करून फडक्याने रगडा आणि वर मेण चोळा. खोबरेल तेलाचा हलका हात फिरवला की चामड्याचा रंग गडद होतो, नवेपणा जातो.

म्यान अडकवायला दोन वाद्या लागतात. पुढची आखूड, म्यानाच्या तोंडाजवळ, आणि मागची तिच्यापेक्षा तीन-चार इंच जास्त लांब, थोडी खाली. मग तलवार तिरकी राहते, चालताना पायात येत नाही. एकाच वादीवर लटकवली तर गर्दीत मागच्याच्या पोटऱ्यांना लागते, म्हणून हे खरंच मनावर घ्या.

नऊवारीवर कमरपट्टा असेल तर तो वजनाने खाली सरकतो, मागून दोन सेफ्टी पिना आतल्या बाजूने साडीला लावायच्या, पुढे नाही, पुढे कापड चुणतं.